बाबांच्या नऊ सिस्टीम

माझ्या वडिलांना बसता येत नाही. खुर्चीत बसतात, पण पुढच्या थांब्यावर उतरायचं असलेल्या माणसासारखे, कडेला टेकून, एक पाय पुढे. एकतीस वर्षं त्यांनी शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं केली. डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. सुरुवातीला तिथे आलेखाच्या कागदावर रेघा मारून काम चालायचं, नंतर संगणक आले. एक रेघ म्हणजे एक फेरी. रेघ फार उभी झाली की ड्रायव्हरला गाडी पळवावी लागणार, फार आडवी झाली की प्रवासी वैतागणार. रेघ नेमकी किती तिरकी हवी, हे बाबांना नुसतं बघून कळायचं. डेपोत सगळे त्यांना ‘मिनिट’ म्हणत. "मिनिट आलेत का?" "आज मिनिटांचा पारा चढलाय." हे नाव आईला माहीत होतं, पण तिने ते घरात कधी उच्चारलं नाही.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि घराला धाप लागली. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे ‘कोणता किती वेळा लागतो’ त्या क्रमाने लावले. पुढचे पंधरा दिवस आईला साखर सापडली नाही. दुसऱ्या महिन्यात सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कुरकुर गेली, पण कोण कधी खोलीत शिरलं ते कळेना, आणि आई दिवसातून चारदा दचकायला लागली. तिसऱ्या महिन्यात ते गॅलरीत उभं राहून खालून जाणाऱ्या बसगाड्यांचा उशीर वहीत टिपायला लागले आणि तो डेपोच्या नियंत्रण कक्षाला फोन करून कळवायला लागले. एकदा तिथून मलाच फोन आला. "ताई, साहेबांना कुठेतरी हवापालटाला न्या हो. हवं तर आम्ही वर्गणी काढतो."

मी काही नेलं नाही. मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस आहे. माझं घर आईबाबांपासून दहा मिनिटांवर असलं तरी रविवारशिवाय मला उसंत नसते. आणि तोवर बाबांना आपणहूनच काम मिळालं.

घरातला संगणक मागच्या छोट्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्या मधे. तो खरं तर आईचा. आई स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघाताचा झटका आल्यावर काही माणसांचे शब्द जातात. समोरचा काय बोलतो ते बऱ्यापैकी कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही मनात असतं, पण शब्द जागेवर सापडत नाही. अशा माणसांना आई पुन्हा बोलायला शिकवते. वीस वर्षं हॉस्पिटलमध्ये केलं, आता सोमवार ते बुधवार सकाळी घरूनच, पडद्यावरून. संगणकात तिची चित्रं असतात, कप, किल्ली, छत्री, शिडी अशी शेकडो. आणि प्रत्येक पेशंटचे पहिल्या दिवसापासूनचे आवाज. कोणी फार खचलं की आई त्याला त्याचाच तीन महिन्यांपूर्वीचा आवाज ऐकवते. "हे बघा, हे तुम्ही. आणि आत्ता बोललात तेही तुम्हीच."

मार्चमध्ये एका सकाळी बाबा बातम्या वाचायला संगणकापुढे बसले, तर पडद्यावर सूचना आली होती. हा संगणक विंडोजच्या नव्या आवृत्तीला चालणार नाही, आणि जुन्या आवृत्तीला ऑक्टोबरनंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत.

बाबांनी ती दोनदा वाचली आणि चहा तसाच ठेवून हाक मारली. "अगं, आपला संगणक ऑक्टोबरात बंद पडणार!"

आईने येऊन वाचलं. "बंद कुठे पडणार? अपडेट मिळणार नाही म्हणतंय."

"तेच ते. ब्रेक न तपासता गाडी रस्त्यावर काढण्यासारखं आहे. तुझे पेशंट आहेत यात."

"अजून सात महिने आहेत."

"सात महिने म्हणजे काय, बघता बघता जातात."

त्या रविवारी जेवताना त्यांनी काट्याने टेबलावर रेघा ओढून मला तीन रस्ते समजावले. एक, नवा संगणक घ्यायचा, त्यावर नवं विंडोज. दोन, हाच संगणक ठेवायचा आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घालायची. तीन, आहे तसंच चालवायचं आणि देवावर हवाला.

"जे चालतंय ते चालू द्या ना," आई म्हणाली.

"चालतंय तोवरच बदलायचं असतं. बंद पडल्यावर काय, कोणीही बदलतं."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला आजही कबूल करायला हवं. धड चालणारा संगणक टाकून द्यायला त्यांचं मन घेईना, म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. आणि तिथेच घात झाला. लिनक्स ही एक सिस्टीम असेल अशी माझी समजूत होती. ते निघालं एक आख्खं कुळ. मूळ पुरुष एक, पण पुढे पोरंबाळं इतकी की मोजता मोजता थकावं, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. वर सगळं फुकट. पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, घालून बघा, नाही पटली तर पुसून दुसरी घाला. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला याहून घातक गोष्ट दुसरी नाही.

एप्रिलपासून आमच्या घरी पाहुण्यांसारख्या सिस्टीम यायला लागल्या. त्यांची खरी नावं आईच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून बाबांनी टोपणनावं ठेवली. पहिली हिरवी. मग जांभळी, ती दिसायला देखणी, पण उघडायला वेळ लावायची. तिसरी आली ती चार दिवसांत गेली. चौथीला बाबा ‘कंटाळवाणी’ म्हणाले, कारण तिच्यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतं. सहाव्या सिस्टीममध्ये सगळं टाइप करून सांगावं लागायचं. आईने तिच्याशी बोलणंच टाकलं. बाबांनी एक तक्ता केला होता. सुरू व्हायला किती सेकंद, बंद व्हायला किती, छापायला किती. स्टॉपवॉच हातात धरून ते संगणकासमोर उभे राहायचे आणि खालून एखादी बस गेली तर अर्धं लक्ष तिकडे.

फायली मात्र ते दर वेळी आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायचे. आईचा एकही आवाज, एकही चित्र हरवलं नाही. त्या बाबतीत त्यांना बोल लावता येणार नाही. पण कधी खिडकी बंद करायचं फुलीचं बटण उजवीकडून डावीकडे जायचं. कधी मराठी कीबोर्ड गुल व्हायचा. एकदा प्रिंटरने एकाच कपाचं चित्र छत्तीस वेळा छापलं. आई मला फोनवर म्हणाली, "अगं, रोज परक्याच्या स्वयंपाकघरात चहा करायचा म्हटलं तर कसं होईल? तसं झालंय माझं."

शेवटी जून महिन्यात मी मध्यस्थी करून तह घडवून आणला. गुरुवार ते शनिवार संगणक बाबांचा, काय हवं ते करा. रविवारी सगळं जागच्या जागी. सोमवार ते बुधवार बाबांनी त्या खोलीत चहाचा कप द्यायलाच काय ते जायचं. दोघांनी मान डोलावली. पुढचे दोन-तीन महिने तसे बरे गेले.

आता गवंडीकाकांबद्दल सांगायला हवं.

हे आईचे एक पेशंट, साठीच्या आसपासचे, उभा जन्म विटा रचण्यात गेलेला. झटक्यानंतर हातपाय जवळजवळ पहिल्यासारखे झाले, पण शब्द गेले. सगळे नाही; एक राहिला. ‘उद्या’. का तोच, कोणी सांगू शकत नाही. आई म्हणते, असं होतं, मागे एखादाच शब्द उरतो आणि प्रत्येक गोष्टीला तोच तोंडात येतो. तर गवंडीकाकांना चहा हवा असला की "उद्या". नको असला तरी "उद्या", फक्त जरा रागाने. नाव विचारलं की छातीवर हात ठेवून, अगदी हळू, "उद्या". आपण चुकीचं बोललो हे त्यांना लगेच कळायचं आणि ते कपाळावर हात मारून घ्यायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला ते थोरल्या बहिणीकडे राहत. ती लाँड्रीत कामाला. बुधवारी कामावर जाण्याआधी ती टॅब्लेट टेबलावर उभा करून, सगळं जोडून जायची, आणि अकरा वाजता गवंडीकाका आईसमोर हजर. आईने पाच महिने खपून त्यांना ‘वीट’, ‘नाही’ आणि ‘बस’ एवढे तीन शब्द परत मिळवून दिले होते. त्यासाठी मात्र आईला आधी म्हणावं लागायचं, तिच्या ओठांकडे बघून, तिचा आवाज ऐकून मग ते म्हणायचे.

सप्टेंबर लागला. ऑक्टोबर जवळ आला तसे बाबा जागेवर ठरेनात. आठ सिस्टीम होऊन गेल्या होत्या आणि तक्त्यात कोणालाच सगळ्या रकान्यांत पहिला नंबर नव्हता. तेवढ्यात एका मंगळवारी दुपारी त्यांनी कुठेतरी नवव्या सिस्टीमबद्दल वाचलं. एकवीस सेकंदांत सुरू होते म्हणे. मंगळवार आईचा, पण आईचं त्या दिवशीचं काम संपलेलं आणि ती बाजारात गेलेली. बाबांचे हात शिवशिवले. त्यांनी फायली उतरवल्या, जुनं पुसलं, नववी घातली. इंटरनेट बघितलं, प्रिंटर बघितला, मराठी कीबोर्ड बघितला, कॅमेऱ्यात स्वतःचं तोंड बघितलं, एक गाणं लावून स्पीकर बघितले. आई परत आली तेव्हा सगळं तयार होतं आणि बाबा इतके खुशीत होते की आईला रागवायचं सुचलं नाही.

मायक्रोफोन बघायचा राहिला.

बुधवारी अकराला गवंडीकाका पडद्यावर आले, राखाडी स्वेटर घालून, केस नीट विंचरून. आई म्हणाली, "नमस्कार दादा, कसे आहात?" ते नुसते बघत राहिले. आईने पुन्हा विचारलं. त्यांनी कानाला हात लावला, मान हलवली. आईला त्यांच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती, बाहेरच्या रस्त्यावरचा भोंगा ऐकू येत होता. तिचं मात्र तिकडे काहीच पोहोचत नव्हतं.

"अहो! आवाज जात नाहीये माझा!"

बाबा धावत आले. "एक मिनिट. एक मिनिट हं." हे उघड, ते बंद कर. तिकडे गवंडीकाकांना काय दिसत होतं? दर बुधवारी बोलायला शिकवणारी बाई तोंड हलवतेय आणि त्यातून काही निघत नाहीये. मधेच एक माणूस येऊन पडद्यावर वाकतोय. आई गडबडली आणि गडबडीत तिने नको ती गोष्ट केली. कागदावर मोठ्या अक्षरांत ‘आवाज बंद आहे’ असं लिहून कागद कॅमेऱ्यासमोर धरला. गवंडीकाकांना अक्षरं अजून लागत नव्हती. ते कागदाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग ते उठले. पडद्यावर रिकामी खुर्ची उरली, आणि थोड्या वेळाने दार लागल्याचा आवाज आला.

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. हे बाबांनी पाहिलं. त्यांना सवयच होती.

आईने गवंडीकाकांच्या बहिणीला फोन लावला. ती कामावर असली की फोन कपाटात. बारा वाजता तिचा उलट फोन आला, ती तशीच घरी गेली आणि तिथून रडत म्हणाली, "घरात नाहीये तो. कोट पण नेला नाही." साडेबाराला आईने मला बोलावलं. मी डॉक्टरांची माफी मागून गाडी काढली.

मी पोचले तेव्हा आई चप्पल घालून दारात उभी होती आणि बाबा जेवणाच्या टेबलापाशी उभ्या उभ्या कागदावर आकडे मांडत होते.

"तो इथे यायला निघालाय," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये बहिणीबरोबर एकदा आला होता ना? नऊ नंबरची बस चौकापर्यंत, तिथून बावीस नंबर. अकरा वीसची नऊ मिळाली असेल. चौकात अकरा सत्तेचाळीस. पंचावन्नची बावीस."

"मग आत्तापर्यंत यायला हवे होते," आई म्हणाली.

बाबांनी कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "बावीस आता पूल ओलांडत नाही. मेपासून. ती पाण्याच्या टाकीपाशी संपते."

निवृत्त होण्याआधी हातावेगळं केलेलं त्यांचं ते शेवटचं काम होतं. पुलावर गाड्या अडकतात म्हणून त्यांनीच कागदावर बावीसचे दोन तुकडे केले होते; अंमल मेमध्ये झाला. त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिकडचा माणूस आवाज ओळखून म्हणाला, "साहेब, आज नको हो. आज खरंच फार काम आहे," आणि ठेवून दिला. बाबांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी बघत होते, त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. सहा महिने रोज दीड-दोन मिनिटांच्या उशिरासाठी फोन केल्यावर खऱ्या कामाला कोण उचलणार?

आईने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि तिसऱ्यांदा लावला. "मी मिनिटांची बायको बोलतेय," ती म्हणाली. "माझा पेशंट हरवलाय. त्याला बोलता येत नाही. बाराच्या आसपास बावीस नंबरवर कोण ड्रायव्हर होता, तेवढं विचारा आणि मला सांगा. मी फोन ठेवत नाही."

तीन-चार मिनिटांत उत्तर आलं. हो, राखाडी स्वेटरवाले एक गृहस्थ होते. टाकीपाशी उतरेनात. ड्रायव्हर म्हणाला, शेवटचा थांबा आहे, कुठे जायचंय? तर म्हणाले, "उद्या." ड्रायव्हरला वाटलं चेष्टा करतायत. चार शब्द सुनावून त्याने त्यांना उतरवलं. ते पुलाच्या दिशेने चालत गेले.

आम्ही निघालो. पूल ओलांडून टाकीकडे जायचा रस्ता सरळ, पण दोन्ही बाजूंना गोदामं, माणूस दिसायची मारामार. आई डावीकडे बघत होती, बाबा उजवीकडे. पुलापासून टाकीपर्यंत गेलो, नाहीत. परत फिरलो. बाबा म्हणाले, "हळू घे." मी हळू घेतली. "अजून हळू."

एका ठिकाणी नव्या गोदामाचं बांधकाम चाललं होतं. रस्त्याकडेची भिंत कमरेइतकी आली होती आणि भिंतीपाशी पाच-सहा माणसं जमली होती. मधे राखाडी स्वेटर.

गवंडीकाकांच्या हातात थापी होती. त्यांनी वरच्या थरातल्या चार-पाच विटा काढून खाली ठेवल्या होत्या, दोरी पुन्हा ताणून बांधली होती आणि ते नव्याने वीट बसवत होते. तिथला मुकादम, चांगला आडदांड गडी, कमरेवर हात ठेवून ओरडत होता. "अरे पण तू कोण? कोणी पाठवलं तुला?"

"उद्या," गवंडीकाका मान वर न करता म्हणाले.

"हो, कळलं! उद्यापासून कामावर येणार, कळलं! पण मग आज माझी भिंत का पाडतोयस?"

"उद्या!"

"अहो, यांना कोणीतरी समजवा," मुकादम आमच्याकडे वळून म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "तसा थर वाकडाच होता म्हणा."

आई पुढे झाली. गवंडीकाकांनी तिला पाहिलं आणि थापी तशीच हातात राहिली. त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला, मग तोंडाला, मग दोन्ही हात पसरले. ओठ हलत होते, पण त्यांचा तो एक शब्दसुद्धा बाहेर पडेना. तेव्हा आईला उलगडा झाला. त्यांना वाटलं होतं, आज आपल्या आतलं आणखी काहीतरी गेलं. खुर्ची ऐकू येते, गाडी ऐकू येते, पण माणसाचं बोलणं ऐकू येईनासं झालं. आणि हे सांगायचं तर जिला कळेल अशी एकच बाई त्यांना माहीत होती.

बसमध्ये ड्रायव्हरचं बोलणं त्यांना ऐकू आलं होतं ना, असं मी आईला नंतर म्हटलं. ती म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला तेवढं कुठलं सुचायला?"

आईने त्यांचा हात धरला. "दादा, मी बोलतेय. ऐकू येतंय?"

ते थिजून राहिले.

"तुमचे कान चांगले आहेत. आमचा संगणक बिघडला होता. तुम्ही नाही, संगणक."

गवंडीकाका मागे सरले आणि वाळूच्या ढिगावर बसले. साठीचा माणूस, मळका हात डोळ्यांवर धरून, हुंदके देत होता. मुकादमाने कोणाला तरी पाणी आणायला पिटाळलं. बाबा जरा दूर, रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी, न हलता उभं राहिलेलं पाहिलं.

गवंडीकाकांना बहिणीकडे पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बाबा थेट मागच्या खोलीत गेले. "मी जुनं विंडोज परत घालतो. तासाभराचं काम आहे."

"नको," आई म्हणाली. "आधी बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हणतेय ना."

ते बसले, कडेला.

"तुम्ही वेळापत्रक करायचात तेव्हा आधी थांब्यांवर जाऊन उभे राहायचात. आठ-आठ दिवस. कोण चढतं, कोण उतरतं, म्हाताऱ्या किती, पोरं किती. खरं ना?"

"खरं."

"मग सहा महिने या सिस्टीम बदलताय. इथे कोण चढतं ते एकदा तरी विचारलंत मला?"

आई काही फार वेळ रागावून राहणारी बाई नाही, पण त्या दिवशी तिने त्यांना सुटू दिलं नाही. आपलं सकाळचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवलं. चित्र इतकं मोठं लागतं. आवाज टिपायचा, मग तो हळू करून ऐकवायचा, पण हळू करताना जाडा होऊन चालत नाही. मधेच पडद्यावर कोपऱ्यात काही उगवलं की पेशंटचं लक्ष उडतं आणि हाताशी आलेला शब्द जातो. सुरू व्हायला एकवीस सेकंद की एक्कावन्न, याने तिला काडीचा फरक पडत नाही, कारण ती दहा वाजता संगणक लावते आणि मग चहा करते. बाबा लिहून घेत होते. सेकंदांचा तक्ता बाजूला पडला होता.

पुढचे पंधरा दिवस निवड आईने केली. तो काळ बाबांना फार जड गेला. सोमवार ते बुधवारच्या कामासाठी मी माझा लॅपटॉप तिला दिला आणि गुरुवार-शुक्रवार ती घरच्या संगणकावर एकेक सिस्टीम स्वतः तपासायची. नवा संगणक घेऊन नवं विंडोज घालावं हाही विचार झाला. मी तर त्याच बाजूची होते, एकदाचा प्रश्न मिटला असता. आई दुकानात जाऊन तेही बघून आली, अर्धा तास वापरलं, चांगलं आहे म्हणाली. पण घरच्या संगणकावर तिचं सगळं होत असेल तर तो का टाकायचा, असं तिचं म्हणणं. बाबा तिच्या मागे उभे राहायचे आणि "ते वरचं दाब, वरचं" असं पुटपुटायचे. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना खोलीबाहेर काढलं.

तिने निवडली चौथी. कंटाळवाणी. बाबांच्या तक्त्यात ती शेवटून पहिली होती.

"हिच्यात आहे काय?" बाबा कळवळून म्हणाले.

"काही नाही. म्हणूनच. माझ्यासमोर माणसं एकेक शब्द शोधत बसलेली असतात. त्या वेळी संगणकाने मला काही नवीन करून दाखवू नये."

बाबांनीच ती नीट बसवली. आवाज हळू करायचा दुसरा प्रोग्रॅम शोधला, आईने तीन नापास केले, चौथा पास केला. अक्षरं मोठी केली, कोपऱ्यात उगवणारं सगळं बंद केलं. मायक्रोफोन तर मला गाडीतून उतरून खाली रस्त्यावरून फोन लावायला सांगून तपासला, दोनदा. शेवटी सिस्टीमने पासवर्ड मागितला, ज्याच्याशिवाय पुढे काही बदलता येत नाही. बाबा बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले. आई म्हणाली, "तिकडे बघा जरा खिडकीतून." त्यांनी बघितलं, आणि आईने तो टाइप केला.

ऑक्टोबर आला आणि गेला. घरात काही बिनसलं नाही. गवंडीकाका पुन्हा बुधवारी अकराला येतात. पहिल्या दिवशी आई नमस्कार म्हणाली तेव्हा ते टॅब्लेटवर इतके वाकले की पडद्यावर नुसता कान दिसत होता. शब्द आता सात झालेत. मुकादमाने बहिणीला निरोप पाठवला होता, दोरी बघायला आणि पोरांच्या चुका काढायला आठवड्यातून दोन सकाळी येऊ देत त्याला म्हणून. ती आधी नाहीच म्हणाली, मग स्वतः जाऊन जागा बघून आली आणि हो म्हणाली.

बाबांचा मात्र काही इलाज झालेला नाही. नियंत्रण कक्षाला फोन करणं त्यांनी सोडलं, आपण होऊन. त्याबद्दल ते बोलत नाहीत. पण बुधवारी अकरा वाजले की त्यांना घरात राहवत नाही. आई खोलीचं दार लावते, आतून तिचा सावकाश आवाज यायला लागतो, आणि बाबा पायात बूट अडकवून निघतात. कधी बसने या टोकाचं त्या टोकाला जाऊन येतात. कुठून तरी एक टाकाऊ लॅपटॉप मिळवलाय, त्यावर अकरावी की बारावी सिस्टीम चाललीय. मागच्या बुधवारी ते माझ्या दवाखान्यातच उगवले. बाहेर नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीशी बोलत तिच्या संगणकाच्या मागे जाऊन वाकून बघत होते.

"बाबा, हात लावू नका," मी दारातून म्हटलं.

"लावत नाही गं. हे कोणतं घातलंय?"

"मला माहीत नाही. आत पेशंट तोंड उघडून बसलाय."

"जा, जा तू. मी आपला असाच आलो होतो."

वीस मिनिटांनी मी बाहेर आले तेव्हा ते गेले होते. टेबलावरची मुलगी संगणक बंद करून पुन्हा लावत होती आणि मोबाइलवर सेकंद मोजत होती.

"सत्तेचाळीस," ती मला म्हणाली. "तुमचे बाबा म्हणाले, जरा जास्तच आहेत."